नागपूरवरील इंग्रजी प्रभाव

तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये औरस वारसाविना निधन पावले आणि १८५४ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. १८६७ मध्ये येथे पोहोचलेली रेल्वे प्रामुख्याने वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबई बंदरामार्गे लँकेशायरच्या गिरण्यांना पुरवण्यासाठी होती. रेल्वे कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी भारतीय महसुलातून दिली गेली, म्हणजे तिचा भार येथील रयतेवरच पडला. त्याच रेल्वेने आलेल्या गिरणीच्या कापडाने कोष्ट्यांच्या हातमागाला जबर धक्का दिला. म्हणून या प्रभावाला निव्वळ उपकार म्हणणे अन्यायाचे ठरते.

याउलट, हे सारे केवळ शोषणच होते, असाही आक्षेप घेतला जातो. सत्तेच्या हेतूपुरता तो खरा आहे. परिणामांपुरता मात्र अपुरा. कापूस निर्यात करणाऱ्या याच मुलखात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू करून सूत येथेच काढले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी धर्मप्रसारासाठी शाळा काढली, पण त्या परंपरेतील हिस्लॉप कॉलेजात (१८८३) पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी आले ते विद्येसाठी. इंग्रजी विद्येच्या वाटेने न्यूयॉर्क व लंडन येथे शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. साधने इंग्रजांची असली, तरी त्यांच्या या उपयोगाचे श्रेय एतद्देशीयांचेच आहे.