पाकिटांतला तिळगूळ



इतिहास म्हटला कीं तह, लढाया आणि राज्यारोहणें एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहें, ती तळहातावर मावते आणि तिची किंमत कोणी विचारीतहि नाहीं. ती म्हणजे पत्राच्या घडींत घालून धाडलेला चिमूटभर तिळगूळ. ख्रिस्ती देशांत ईस्टरच्या सुमारास स्नेह्यांकडे थोडासा खाऊ धाडतात. आपल्याकडे तेंच काम संक्रांतीचा तीळ करितो.

तिळगूळ हातोहात देण्याची रीत जुनी. परंतु सामान्य गृहस्थाचा तिळगूळ परगांवच्या मित्राकडे जाऊं शकला, तो टपाल स्वस्त झाल्यावरच. पूर्वीं हंशील अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर वजनाचें पत्र धाडावयाचें, तर एक रुपया मोजावा लागे. इतक्या खर्चांत तिळाचे चार दाणे कोण धाडील? १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतर कितीहि असलें तरी पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, असा एकच दर झाला. पाव तोळा म्हणजे सुमारें तीन ग्रॅम. हजारभर तिळांचें वजन साधारण तेवढेंच भरतें. कागद आणि शाई यांचा हिस्सा वजा केला, तरी शुभेच्छेपुरते दाणे त्यांत बसत.

त्याच सुमारास आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं ती बोरीबंदराहून ठाण्यास पोंचली, १ मे १८५४ रोजीं कल्याणास, आणि १८५६ सालीं अंबरनाथ-बदलापुरावरून खोपोलीच्या दिशेनें घाटाच्या पायथ्यास भिडली. भातशेतीच्या या मुलुखाला मुंबई कांहीं तासांवर आली. चाकरमान्याचें पत्र घरीं येऊं लागलें, आणि पत्रासोबत संक्रांतहि.

प्रवासाला तिळासारखा दुसरा जिन्नस नाहीं. त्यांत दुधाचा अंश नाहीं, पाण्याचा नाममात्र. शिवाय पौष-माघाची कोरडी हवा. वैरी दोनच, मुंगी आणि टपालाचा शिक्का. शिक्क्याच्या एका ठोक्यानें काटेरी हलव्याचें पीठ होई. पण पाकीट उघडणारा तें पीठहि बोटाच्या टोकानें टिपून तोंडांत टाकी, कारण पदार्थापेक्षां धाडणाऱ्याची आठवण मोलाची होती.

आतां कल्याणच्या पुढचें पहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील लष्करी छावण्यांतून आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथें नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याचें नांव उल्हासनगर पडलें. मराठी शेजाऱ्यांना कदाचित् ठाऊक नसेल, पण सिंधी कुटुंबांतहि संक्रांत आहे. तिला ते ‘तिरमूरी’ म्हणतात, आणि त्या सणास आईबाप सासरीं गेलेल्या मुलीकडे तिळाचे लाडू व चिकी धाडतात. सिंधमध्यें जी मुलगी पलीकडच्या गल्लींत किंवा शेजारच्या गांवीं दिली होती, तिचें सासर फाळणीनंतर पिंपरीस, अजमेरास किंवा इंदुरास जाऊन पडलें असेल, तर बापानें काय करावें? घर गेलें, जमीन गेली. पण लाडूंची पुडी पोंचविण्याची जबाबदारी गेली नाहीं. अशा बापाला टपालकचेरी म्हणजे केवळ सरकारी खातें नव्हतें. तुटलेल्या नात्याला घातलेला तो एक टांका होता.

पत्ता लिहिण्याची अडचण मात्र होतीच. एका नांवाचीं अनेक गांवें, आणि लिपी निरनिराळ्या. कोणी देवनागरींत लिही, कोणी अरबी वळणाच्या सिंधींत. या गोंधळावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानें व संस्कृत पंडितानें सहा आंकड्यांचा तोडगा काढला, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही गांवांचे आंकडे ४२१ नेंच आरंभ होतात. भाषा दोन, पण टपालाच्या हिशेबीं घर एकच!

आज शुभेच्छा तारेवांचून क्षणांत पोंचतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु त्या चाखतां येत नाहींत. येत्या संक्रांतीस एखाद्या दूरच्या मित्राला चार दाणे पाकिटांतून धाडून पहा. ते चुरडून पोंचले, तरी तो तुम्हांला दोष देणार नाहीं.