मध्य, मध्यक आणि सीमेपलीकडचा विद्यार्थी

महाराष्ट्राच्या शालेय गणितात ‘मध्य’ म्हणजे सर्व संख्यांची बेरीज करून, त्या जितक्या असतील तितक्यांनी भागल्यावर येणारी सरासरी. आणि ‘मध्यक’ म्हणजे संख्या चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या. बडोद्याच्या मराठी घरातले मूल गुजराती शाळेत जाते, तेव्हा त्याच्याही पुस्तकात ‘मध्यक’ हा शब्द असतो. मात्र तिथे त्याचा अर्थ सरासरी! मधल्या संख्येला गुजरातीत ‘मध्यस्थ’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिंदी पुस्तकांत हीच जोडी ‘माध्य’ आणि ‘माध्यक’ अशी येते, तर बेळगावच्या कन्नड वर्गात ‘सरासरि’ आणि ‘मध्यांक’ अशी. एक चुलत भाऊ कोल्हापुरात आणि दुसरा बडोद्यात शिकत असेल, तर ‘मध्यक काढा’ या प्रश्नाला दोघे दोन निराळी उत्तरे देतील आणि आपापल्या शाळेत दोघांनाही पूर्ण गुण मिळतील. त्यांनी उत्तरपत्रिकांची अदलाबदल केली, तर दोघेही नापास.

हा केवळ परिभाषा-समित्यांचा घोळ म्हणून सोडून देता येत नाही. ‘मधले’ या एकाच कल्पनेच्या पोटात दोन कल्पना दडलेल्या आहेत, हे माणसाच्या ध्यानात फार उशिरा आले. आणि शब्दांची ही ओढाताण त्या इतिहासाचीच खूण आहे.

सरासरी आपल्याकडे जुनी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे शके १०७२ च्या (इ. स. ११५०) ग्रंथात, खातव्यवहार नावाचे प्रकरण आहे. खड्डा वेडावाकडा असेल तर त्याची रुंदी अनेक ठिकाणी मोजावी, त्या मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजले तितक्यांनी भागावे. लांबी आणि खोली यांचेही तसेच करावे, आणि मग घनफळ काढावे, असा तो नियम. येणाऱ्या मापाला भास्कराचार्य ‘सममिती’ म्हणतात. शब्द किती नेमका आहे पाहा! खड्डा सगळीकडे सारख्या मापाचा असता, तर ते माप किती असते, हा अर्थ त्या नावातच आहे. पुढे १५४५ मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत या नियमावर भर घातली, की जितक्या अधिक ठिकाणी मोजाल तितके हे माप खऱ्याच्या जवळ जाईल. आजचा संख्याशास्त्रज्ञ नमुन्याच्या आकाराविषयी वेगळे काही सांगत नाही.

भास्कराचार्य मूळचे नक्की कुठले, हा वाद सीमेच्या दोन्ही बाजूंनी हिरिरीने खेळला जातो. त्यात इथे शिरत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांच्या मठासंबंधीचा शके ११२८ चा शिलालेख आहे. तो संस्कृतात सुरू होतो. मठाला बाजारातून काय काय द्यायचे, याचा तपशील आला की मराठीत उतरतो. हिशेबाची भाषा तेव्हाही मराठी होती, एवढे या निमित्ताने नोंदवून ठेवू.

खड्ड्याच्या हिशेबाला मध्यकाची गरज नव्हती. तिथे एकूण माती किती निघाली याला महत्त्व, आणि एकूण जपते ती सरासरी. मध्यकाची गरज माणसांच्या नशिबाविषयी विचारताना पडली. लंडनच्या जॉन ग्राँटने १६६२ मध्ये मृत्युनोंदींच्या आधारे एक कोष्टक छापले. जन्मलेल्या १०० मुलांपैकी सहाव्या वर्षी ६४ उरतात, सोळाव्या वर्षी ४०, सव्विसाव्या वर्षी २५, आणि असे ओसरत ओसरत शहात्तराव्या वर्षी १. सात वर्षांनी, १६६९ मध्ये, हॉलंडच्या हायगेन्स बंधूंनी या कोष्टकावरून एकमेकांना पत्रे लिहिली. धाकटे लोडेवाइक यांनी सगळ्यांची आयुष्ये मिळवून शंभराने भागले. उत्तर आले सुमारे १८ वर्षे २ महिने. थोरले क्रिस्तियान म्हणजे लोलकाच्या घड्याळाचे कर्ते. त्यांनी निराळा प्रश्न केला: शंभरातले निम्मे कोणत्या वयापर्यंत गेलेले असतात? ते वय निघाले अकराच्या आसपास.

एकच कोष्टक, आणि उत्तरांत सात वर्षांचे अंतर. चूक कोणाची? कोणाचीच नाही. ज्याला आयुष्यभराचे वर्षासन विकायचे आहे, त्याला एकूण किती वर्षे पैसे द्यावे लागतील हे हवे. त्याने सरासरी घ्यावी. एखादे मूल अमुक वयापर्यंत जगेल की नाही, अशी पैज लावणाऱ्याने मात्र निम्म्याचे वय पाहावे. क्रिस्तियान यांनी हा भेद स्वच्छ मांडला. तरी त्या दुसऱ्या संख्येला नाव मिळायला पावणेदोनशे वर्षे लागली. फ्रान्सच्या कूर्नो यांनी १८४३ मध्ये तिला मध्यमूल्य म्हटले आणि १८८१ च्या सुमारास गाल्टन यांनी इंग्रजीत ‘मीडियन’ हा शब्द रुळवला.

याच गाल्टन यांनी १९०७ मध्ये प्लिमथच्या जत्रेतील बैलाचा हिशेब मांडला. सहा पेन्सचे तिकीट घेऊन लोकांनी कापल्या-साफ केल्यानंतरच्या मांसाचे वजन ओळखायचे होते. वाचता आलेली तिकिटे ७८७, त्यांचा मध्यक १२०७ पौंड आणि प्रत्यक्ष वजन ११९८. गाल्टन यांना मध्यक हवा होता, कारण सरासरीत एखाद्या भलत्याच अंदाजाला त्याच्या भलतेपणाच्या प्रमाणात वजन मिळते. एका वाचकाने सरासरी विचारली. ती ११९७ निघाली. म्हणजे यावेळी सरासरीच सरस ठरली! अंदाज दोन्ही बाजूंना बरेचसे तोलून गेले की असे घडू शकते.

आता आपले शब्द. ‘सरासरी’ फारसीतून आली. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळे लक्षात घेतलेले, असा भाव त्यात आहे आणि तो कल्पनेला शोभतो. हिंदी-उर्दूतला ‘औसत’ अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ मधला, पण नेमणूक झाली सरासरीच्या जागी. त्याच धातूतून उर्दूने मध्यकासाठी ‘वस्तानिया’ घडवला. निजामाच्या राज्यात मधल्या शाळेलाही वस्तानियाच म्हणत. मराठवाड्याच्या आणि हैदराबादच्या जुन्या मंडळींना तो शब्द चांगला आठवेल. मराठीने ‘मध्य’ आणि ‘मध्यक’ यांत एका ‘क’चे अंतर ठेवले. सूत्र पाठ करणाऱ्या मुलाला ते पुरत नाही. ‘मध्य’पेक्षा ‘सरासरी’च ठेवली असती तर बरे झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूल सूत्र विसरले, की शब्द चुकले, की कल्पनाच समजली नाही, हे ‘मध्यक काढा’ एवढ्या प्रश्नातून कळत नाही. अमेरिकेत मोक्रॉस आणि रसेल या अभ्यासकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना उलटा प्रश्न घातला होता: बटाट्याच्या वेफर्सच्या नऊ पाकिटांची सरासरी किंमत ही, तर नऊ पाकिटांवर किंमती लिहा. सरासरीकडे निव्वळ कृती म्हणून पाहणारी मुले तिथे अडखळली. बेरीज आणि भागाकार त्यांना येत होता, पण त्या भागाकाराने काय सांगितले हे येत नव्हते.

आपल्याकडील सराव परीक्षांत असा प्रश्न सहज घालता येईल. पाच जणांची दिवसाची कमाई ४००, ४५०, ५००, ५५० आणि ६०० रुपये आहे. सरासरीही ५०० आणि मधली कमाईही ५००. सहाशेवाल्याच्या जागी ३१०० कमावणारा ठेकेदार आला. सरासरी हजारावर गेली, मधली कमाई पाचशेवरच राहिली. इथवर आकडे परीक्षकानेच द्यावेत आणि विचारावे: नव्याने कामावर येणाऱ्या मजुराला यांतला कोणता आकडा सांगाल? पाच जणांची मजुरी चुकती करायला एकूण रक्कम लागेल, ती कोणत्या आकड्यावरून काढाल? आणि ठेकेदाराची कमाई ३१०० ऐवजी ६१०० झाली, तर काय हलेल, काय हलणार नाही? बडोद्याचे मूल ‘मध्यस्थ’ लिहील, बेळगावचे ‘मध्यांक’. परीक्षकाने त्या शब्दाखाली लाल रेघ ओढू नये. पुढे दिलेले कारण वाचावे.