यकृत कर्करोग : उपचार

यकृतपेशींत उद्भवणाऱ्या कर्करोगावरील वैद्यकीय उपाययोजना. हा रोग बहुधा हिपॅटायटिस बी किंवा सी, मद्यपान वा मेदसंचय यांमुळे झालेल्या सिऱ्होसिसवर उद्भवतो (पहा : कावीळ, यकृत). त्यामुळे उपचार गाठीइतकाच उरलेल्या यकृताच्या कार्यक्षमतेवर ठरतो. लहान गाठ शस्त्रक्रियेने काढतात किंवा उष्णतेने जाळतात. यकृतच खालावले असल्यास प्रत्यारोपण करतात. त्यासाठी १९९६ चे मिलान निकष (५ सेंमी.पर्यंतची एक किंवा प्रत्येकी ३ सेंमी.पर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी) प्रमाण मानले जातात. मधल्या अवस्थेत रोहिणीतून औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. पसरलेल्या रोगात सोराफेनिब (२००७) किंवा २०२० पासून रूढ झालेली प्रतिकारशक्ती-उपचारपद्धती आयुष्य वाढवते. रोगमुक्ती मात्र क्वचितच साधते.

म्हणून मैंदर्गीसारख्या (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर) गावी, जेथून कर्करोग-उपचारासाठी सोलापूर, बार्शी किंवा मुंबई गाठावी लागते, लवकर निदान हाच उपचाराचा सर्वांत निर्णायक टप्पा होय. त्यासाठी लागणारी सहामाही सोनोग्राफी सर्वांना परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ती सिऱ्होसिस झालेल्यांना आणि हिपॅटायटिस बीच्या जोखमीच्या रुग्णांनाच लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शांघायच्या चाचणीत अशा तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले, तेही अनेकांनी तपासण्या चुकवल्या असताना (पहा : कर्करोग).