वऱ्हाडातील कन्याजीवन

वऱ्हाडातील मुलींचे बालपण, त्यांचा वयात येण्याचा काळ आणि लोकगीते व ग्रंथनिविष्ट साहित्य यांतून दिसणारे त्यांचे रूप यांचा ऐतिहासिक आढावा. वऱ्हाडात अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम या जिल्ह्यांचा समावेश होतो. त्यांपैकी वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. हा प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९६० पासून महाराष्ट्र राज्याचा भाग आहे. बालपण व सासर यांच्यामधला काळ मुलीच्या आयुष्यात पूर्वी जवळजवळ नव्हताच. तो कसा निर्माण झाला व कसा वाढला, हाच या इतिहासाचा मध्यवर्ती धागा होय.

वऱ्हाडच्या परंपरेत कन्येच्या इच्छेची कथा प्राचीन आहे. विदर्भराज भीष्मकाची कन्या रुक्मिणी हिची नगरी म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडण्यपूर, अशी श्रद्धा आहे. भावाने ठरविलेला वर नाकारून रुक्मिणीने श्रीकृष्णाला निरोप धाडला, ही भागवत पुराणातील कथा मराठी कवींनी वारंवार हाताळली. त्याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, तेराव्या शतकाच्या अखेरीस, महदंबा या महानुभाव कवयित्रीने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले. त्यांचा विषय रुक्मिणीचे लग्न हाच आहे. महदंबा ही आद्य मराठी कवयित्री मानली जाते. ती स्वतः बालविधवा होती असे परंपरा सांगते. ज्या स्त्रीला संसाराचा अनुभव नाकारला गेला, तिने स्वतःचा वर निवडणाऱ्या राजकन्येचे गीत रचावे, ही घटना लक्षणीय आहे. तथापि पुराणातील राजकन्येचे हे स्वातंत्र्य प्रत्यक्ष समाजात मुलींच्या वाट्याला आले नाही.

एकोणिसाव्या शतकात बहुतेक जातींत मुलींचे विवाह न्हाण येण्यापूर्वी होत. लग्नानंतर मुलगी काही काळ माहेरीच राही व न्हाण आल्यावर नांदावयास जाई. त्यामुळे तिचे बालपण वयाने संपत नसे, तर सासरच्या बोलावण्याने संपे. शेतकरी व मजूर कुटुंबांत ते कामातच सरे. धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, निंदण व कापसाची वेचणी ही कामे मुली लहानपणीच शिकत. १८६० नंतर कापसाचा व्यापार वाढला. आगगाडी व त्यामागून जिनिंगचे कारखाने आले. वेचणीला मजुरीचे मोल आले आणि मुलीच्या हातांची किंमत वाढली. परंतु ही मजुरी तिच्या हाती क्वचितच राही. मेळघाटातील कोरकू समाजात रीत वेगळी होती. तेथे वराकडून वधूमूल्य देण्याची आणि ते न दिल्यास मुलाने सासऱ्याच्या घरी राहून श्रम करण्याची चाल होती. एकाच जिल्ह्यात डोंगरावर व मैदानात मुलीच्या जन्माचा अर्थ असा भिन्न होता.

मुलींच्या स्वतःच्या भावना नोंदविणारे जुने साधन म्हणजे भुलाबाईची गाणी. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत चालणारा भुलाबाईचा हा उत्सव विदर्भ व खानदेश या भागांत आढळतो. घरोघरी शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती मांडतात. सायंकाळी मुली एकमेकींच्या घरी जमून टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातील खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचे मखर करून जागरण करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. भुलाबाई माहेरी आलेली लेक, अशी या उत्सवामागील कल्पना आहे. गाण्यांत सासू, नणंद, दीर, माहेरचा मुऱ्हाळी, दागिने व रुसवे यांची वर्णने येतात. ज्या मुलींचे लग्न अद्याप झालेले नाही किंवा ज्या नुकत्या माहेरी परतल्या आहेत, त्या सासरच्या जाचाची थट्टा करतात. या थट्टेत पुढील आयुष्याची पूर्वतयारी आहे व तक्रारही आहे. उघड बोलण्यास मज्जाव असलेली गोष्ट देवीच्या नावाने गाता येई, हे या उत्सवाचे सामाजिक महत्त्व होय.

ही तक्रार गद्यात व स्वतःच्या नावाने मांडणारी पहिली स्त्री वऱ्हाडातीलच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा जन्म सु. १८५० चा. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत नोकरीस होते व सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ताराबाईंचे पती घरजावई असल्याने विवाहानंतरही त्यांचे वास्तव्य माहेरीच राहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये भ्रूणहत्येबद्दल प्रथम फाशीची व नंतर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये स्त्रीपुरुष तुलना हा निबंध प्रसिद्ध केला. जे दोष स्त्रियांना चिकटविले जातात ते पुरुषांतही आहेत व बालविवाह, विजोड विवाह आणि सक्तीचे वैधव्य ही त्यांची कारणे होत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. जोतीराव फुले यांनी त्यांची पाठराखण केली. त्यानंतर हा निबंध विस्मृतीत गेला; स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशित केला. शिकलेल्या मुलीला माहेरचा आधार टिकला तर काय घडू शकते याचे हे विरळ उदाहरण आहे.

कायद्याने विवाहाचे वय टप्प्याटप्प्याने वाढविले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले. १९२९ चा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला व त्याने मुलीचे विवाहवय किमान १४ ठरविले. १९४९ मध्ये ते १५ व १९७८ च्या दुरुस्तीने १८ झाले. कायद्यापेक्षाही शाळेचा परिणाम खोल होता. मात्र शाळा मुलींपासून दूर होत्या. अमरावतीस जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे (१९०४–६१) यांना शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत व पुढे नागपूर आणि लंडन येथे जावे लागले. ज्या घराला हा खर्च व हे धाडस शक्य होते, त्याच घरच्या मुलीला ही वाट खुली होती. दीपकळी (१९३४) पासूनच्या त्यांच्या लघुकथांत सामान्य माणसांची, विशेषतः स्त्रियांची सुखदुःखे संयमाने येतात. १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथील मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. वाशीम येथे जन्मलेल्या गीता साने (१९०७–९१) यांनी नागपुरात विज्ञानाचे शिक्षण घेतले. निखळलेली हिरकणी, वठलेला वृक्ष व हिरवळीखाली या त्यांच्या कादंबऱ्या १९३६ च्या सुमारास प्रसिद्ध झाल्या. शिक्षणाने लांबलेल्या कौमार्याचा शेवट पुन्हा पराधीन विवाहातच व्हावयाचा असेल तर त्या शिक्षणाचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्यांनी स्पष्टपणे विचारला.

ग्रामीण बहुजन समाजात मुलींच्या शिक्षणाचा विचार रुजविण्यात अमरावती जिल्ह्यातील संत गाडगे महाराज व तुकडोजी महाराज यांच्या कीर्तन-भजनांचा वाटा मोठा आहे. तुकडोजींच्या ग्रामगीतेत (१९५५) महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे. जातीमुळे मुलीच्या वाट्याला येणारी दुहेरी अडवणूक नागपूरच्या व पुढे अमरावतीस संस्कृतचे अध्यापन केलेल्या कुमुद पावडे यांनी अंतःस्फोट (१९८१) या आत्मपर लेखसंग्रहात मांडली. दलित मुलीने संस्कृत शिकावे याचा समाजाला वाटलेला विस्मय, कौतुक व नाराजी हे तिन्ही त्यांनी सारख्याच तटस्थपणे नोंदविले. प्रतिमा इंगोले यांच्या कथांतून वऱ्हाडी बोली बोलणारी ग्रामीण लेक साहित्यात आली.

१९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर उच्च शिक्षणासाठी नागपूरवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. त्यामुळे बालपण व विवाह यांतील अंतर बहुसंख्य घरांत काही वर्षांचे झाले. हे अंतर सर्वत्र सुरक्षित मात्र नाही. शाळेचे अंतर, हुंडा आणि १९९० नंतरच्या दशकांतील कापूसशेतीचे अरिष्ट यांमुळे शिक्षण अर्धवट सुटून लवकर लग्न होण्याचे प्रकार घडतात. जन्मण्याचा हक्कही निर्वेध राहिलेला नाही : महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. ज्या शतकात मुलीचे कौमार्य लांबले, त्याच शतकाच्या अखेरीस तिचा जन्मच टाळण्याचे साधन समाजाच्या हाती आले. वऱ्हाडातील कन्याजीवनाचा इतिहास म्हणूनच एकमार्गी प्रगतीचा नाही. माहेरच्या अंगणात मुलीला किती काळ व कोणत्या हक्काने राहू द्यावयाचे, या प्रश्नाची ती बदलती उत्तरे आहेत.