मुरुमाचा इतिहास

मराठीत मुरूम दोन प्रकारचा. एक रस्त्यावर पडतो, दुसरा तोंडावर येतो. नांदेड-लातूर एसटीनं जन्मभर हेलपाटे घालणाऱ्या माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला पहिला जास्त ओळखीचा. पण लेखी इतिहास दुसऱ्याचाच जुना.

सुश्रुतसंहितेत त्याला 'मुखदूषिका' म्हटलंय. तरुणांच्या तोंडावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या येतात, म्हणे. उपमा अशी, की वैद्यबुवांनाही विशीत आल्या असाव्यात! उपाय काय, तर वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरीचा लेप. शिवाय वमन, म्हणजे सरळ ओकारी काढायची! मुरूम जावो न जावो, रोगी पुन्हा तक्रार घेऊन येत नसणार.

आमच्या आज्यांनी ओकारी वगळली, लेप तेवढा ठेवला. सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ, नाहीतर हळद-चंदन. हळदीचं आम्हा नांदेडकरांना काय सांगता? मोंढ्यातला हमाल संध्याकाळी नवरदेवासारखा पिवळा होऊन घरी जातो. पण हीच हळद ट्यूबमध्ये भरली आणि अबकारी खात्याला प्रश्न पडला: विको टर्मरिक हे औषध की सौंदर्यप्रसाधन? दोन्हींवरचा कर वेगळा ना! सत्तरच्या दशकातला हा वाद. औषध, असा निकाल सुप्रीम कोर्टानं दिला २००४ साली. तोवर मूळच्या मुरुमवाल्यांना सुरकुत्या पडल्या असतील. आम्ही कॉमर्सवाले अशा ठिकाणी हात जोडतो.

आता लातूर. 'लातूर पॅटर्न'पायी सोळा ते अठरा वयाची पोरं तिथं गोळा झालेली, म्हणजे गावभर काटेसावर. या वयात कातडीखालच्या ग्रंथी तेल जास्त सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. त्यात मळाचा दोष नाही. तरी पोरं दिवसातून दहादा तोंड घासतात, टूथपेस्ट फासतात, लिंबू चोळतात. कातडी भाजते, बाकी काही नाही. त्याहून वाईट म्हणजे रूममेटचं स्टेरॉइडचं मलम. चार दिवस चेहरा चकचकीत, मग कातडी पातळ, लाल, आणि मुरुमं दुप्पट. हे सावकारी कर्ज बरं का! २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. रूममेटला मात्र चिठ्ठी लागत नाही.

माझ्या भाच्यानं तिथं परीक्षेच्या आठवड्यात नाकाशेजारची पुळी नखानं फोडली. दुसऱ्या दिवशी गाल डोळ्यापर्यंत सुजला, ताप भरला, सलाइन लावावं लागलं. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरांचा कवटीच्या आतल्या शिरांशी संबंध असतो. क्वचित का होईना, पू मेंदूपर्यंत पोचू शकतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बहीण मटकन खाली बसली.

पोरगं वाचलं, पेपर एक बुडाला. आता दोनदा सौम्य साबणानं तोंड धुतो, नखं कापतो, आणि रात्री डॉक्टरांनी दिलेलं बेंझॉइल पेरॉक्साइड थोडं लावतो. सहा-आठ आठवडे धीर धरा म्हणालेत. फरक पडतोय. फक्त त्या मलमानं उशीचे सगळे अभ्रे पांढरेफटक पडलेत, आणि ते माझ्या बायकोनं भरतकाम करून दिले होते.