औटकी, हातचा आणि छडी

पंतोजींच्या शाळेत पाढे तिसाशी थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची ती औटकी! बाजार आणे-पैचा, तेव्हा हे तोंडपाठ हवेच. आणि चुकले की छडी. पाठांतराला मी नावे ठेवीत नाही. माझी तक्रार आहे ती छडीविषयी.

1957 च्या 1 एप्रिलला दशमान नाणी आली आणि औटकीची सद्दी संपत चालली. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत ड्रेगर आणि एकेन या मानसशास्त्रज्ञांनी अंकांच्या धास्तीवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे 2001 साली अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांना हातच्याच्या बेरजांत असे आढळले, की हातचा लक्षात ठेवायला मनात जी जागा लागते, तीच धास्ती बळकावून बसते. म्हणजे ज्याला आपण मठ्ठ म्हणून मोकळे होतो, त्या पोराच्या डोक्यात तेवढ्यापुरती जागाच उरलेली नसते!

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! जोडाक्षरांना मुले बिचकतात, हे गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे थट्टेतच बुडाले. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी लहानपणी एकोणसत्तर ऐकून पाटीवर 79 लिहिले असतील, कोण जाणे!