वांद्र्याचे संत आंद्रेय मंदिर : सत्तांतर आणि धर्मग्राम

साष्टी बेटावरील ख्रिस्ती मंदिरांचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम पोर्तुगीज राजसत्तेकडे जाते. पण ती सत्ता गेल्यावर धर्मग्राम कशाच्या आधारावर उभा राहिला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वांद्र्याचे संत आंद्रेय मंदिर या दृष्टीने मननीय आहे.

जेज्वितांनी हे मंदिर 1575 च्या सुमारास उभारले. आसपासची वस्ती प्रामुख्याने कोळ्यांची. संत आंद्रेय हाही शुभवर्तमानांप्रमाणे मासे धरणाराच. नावाची ही निवड सहेतुक असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. 1618 च्या मोठ्या वादळाने इमारतीची हानी झाली व ती पुन्हा बांधण्यात आली.

खरी कसोटी 1739 साली लागली. चिमाजी आप्पांनी वसई घेतली. वांद्र्याची ठाणी मराठ्यांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांच्या सल्ल्याने तेथील तटबंदी व जेज्वितांचे संत आन विद्यालय पाडण्यात आले. म्हणजे वांद्र्यातील हा विध्वंस विजेत्यांनी नव्हे, तर माघार घेणाऱ्यांनी केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विद्यालयाच्या आवारातील सुमारे 17 फूट उंचीचा एकसंध पाषाणाचा क्रूस पुढे संत आंद्रेयच्या अंगणात आणला गेला. त्यावर ख्रिस्ताच्या दुःखसहनाची 39 चिन्हे कोरलेली आहेत. नष्ट झालेल्या संस्थेची स्मृती गावाने अशी आपल्या दारात जतन केली.

त्यानंतर शतकभराहून अधिक काळ वांद्र्याला हेच एक धर्मग्राम-मंदिर होते. जेज्वित गेले, गोव्याकडचे देशी धर्मगुरू आले. मराठी अमलात साष्टीतील अनेक मंदिरे ओस पडली, हे खरे. परंतु तेवढ्यावरून धर्मच्छलाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 1760 मध्ये साष्टीतून प्रवास करणाऱ्या आंकेतील द्यू पेरोन या फ्रेंच पंडिताने ठाण्याला ख्रिस्ती सण हजारोंच्या उपस्थितीत उघडपणे साजरा होताना पाहिला. आमच्या मते, राजाश्रय व त्यासोबतचे उत्पन्न तुटणे हेच मंदिरे ओस पडण्याचे मुख्य कारण होय. जेथे गाव स्वतःच भार वाहू शकले, तेथे मंदिर टिकले.

गाव म्हणजे येथे पाखाड्या : रानवर, चिंबई, पाली, राजन इत्यादी. भाषा मराठीचीच एक बोली, लग्नात उंबराच्या पाण्याचा विधी, आणि भाताची पहिली कणसे मंदिरात आशीर्वादासाठी नेण्याचा ‘आगेरा’. कोळ्यांची ‘मोत माउली’ टेकडीवरची. पण तिचे तेथील देऊळ पडलेले असताना आसरा संत आंद्रेयनेच दिला, अशी परंपरा आहे.

1774 च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात पाद्रुआदो व प्रोपागांदा यांच्या अधिकारवादाने धर्मग्रामात फूट पडली आणि 1853 च्या सुमारास संत पीटरचे वेगळे मंदिर झाले. मुंबईतील हा दुहेरी अधिकार 1928 च्या करारानेच संपला. तलवारीने जे मोडले नव्हते ते धर्मपीठांच्या भांडणाने दुभंगले! ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर या लोकांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने, स्वीकारले.

1896 पासूनच्या प्लेगात वांद्र्याच्या पाखाड्यांतून ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. त्यांतील कित्येक आजही रस्त्यांच्या वळणांवर उभे आहेत.